दुधाच्या दातांची साक्ष

पडलेल्या दुधाच्या दाताला सहसा कोणी किंमत देत नाही. परंतु अमेरिकेतील चेल्सी व समरव्हिल या गावी अशाच दातांनी एका लपलेल्या शत्रूचा माग लावून दिला. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी तेथील पहिली-दुसरीतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचे पडलेले दात मिळविले आणि त्यांत शिसे किती आहे, हे तपासले. १९७९ साली त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या दातांत शिसे अधिक, ती मुले बुद्धीच्या कसोट्यांत मागे पडत होती. वर्गात त्यांचे चित्तही लवकर विचलित होई. दिसावयास मात्र ती निरोगीच होती.

हे शिसे दातांत आले कोठून? त्या काळी ते घरांच्या जुन्या रंगात होते, पेट्रोलच्या धुरात होते आणि म्हणून धुळीतही होते. धुळीचे हात तोंडात गेले, की शिसे पोटात जाई.

शरीरात शिरल्यावर शिसे कॅल्शियमचे सोंग घेते. दात व हाडे कॅल्शियमची बनलेली असतात; शरीर फसते आणि शिशालाही तेथे जागा देते. मेंदूतील पेशी परस्परांना संदेश पाठवितात, त्या कामीही कॅल्शियम लागते. तेथे हा तोतया घुसला, की संदेशांत बिघाड होतो. वाढत्या मेंदूची अशी हानी पुढे सहसा भरून येत नाही.

आता आहाराचा संबंध पाहा. गिळलेल्या शिशापैकी प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे दहावा हिस्सा शोषला जातो. लहान मुलांच्या शरीरात मात्र जवळजवळ निम्मा. पोट रिकामे असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. आतड्यातून लोह ज्या वाटेने रक्तात जाते, त्याच वाटेने शिसेही जाते. अंगात लोह कमी असले, की शरीर ते मिळविण्यासाठी ही वाट अधिक रुंद करते, आणि शिशाचे आयतेच फावते. कॅल्शियमच्या उणिवेनेही असेच घडते.

म्हणून सकाळची न्याहारी चुकवू नये. दूध, नाचणी व तीळ यांतून कॅल्शियम मिळते. कडधान्ये व पालेभाज्या यांतून लोह मिळते. आणि आवळा, पेरू किंवा लिंबू सोबत असल्यास ते लोह अंगी चांगले लागते.

तथापि, आहार हा केवळ पहारेकरी आहे. तो चोराची वाट अडवितो, पण चोराला गावाबाहेर घालवीत नाही. ते काम समाजाचे आहे. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून शिसे २००० साली हद्दपार झाले, तर साऱ्या जगातून २०२१ साली. जुन्या रंगाचे पोपडे आणि फोडलेल्या बॅटऱ्यांची धूळ यांपासून मात्र आजही दूर राहिले पाहिजे. जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत आणि ताटातील भाजी टाकू नये. या लहानशा सवयी वाढत्या बुद्धीचे रक्षण करतात.