भातावरील खैरा आणि जमिनीतील जस्त

हिमालयाच्या पायथ्याची तराईची भूमी सुपीक म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु १९६०च्या दशकात तेथील भातशेतीवर एक संकट ओढवले. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांतच रोपांची वाढ खुंटे आणि खालच्या पानांवर काताच्या रंगाचे ठिपके उमटत. या रंगावरूनच रोगाला ‘खैरा’ हे नाव पडले. पाणी आणि खत देऊनही लोंब्या भरत नसत.

पंतनगर येथील कृषी विद्यापीठातील वनस्पतिरोगतज्ज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये या रोगाचे कारण प्रसिद्ध केले. हे कारण कोणताही जंतू नसून जस्ताची उणीव हे होते. चुनखडीयुक्त जमिनीत पाणी साचून राहिले, म्हणजे जस्त अविद्राव्य रूपात अडकते व मुळांना लाभत नाही. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट व २.५ किलो विरवलेला चुना पाण्यात मिसळून फवारल्यास पीक सावरते. चुन्यामुळे पाने करपत नाहीत.

वनस्पतीस आवश्यक अशा एकाही द्रव्याची उणीव असली, तर इतरांची विपुलता व्यर्थ ठरते. नत्राची पोती जस्ताची जागा घेऊ शकत नाहीत. स्फुरदाचा अतिरेक तर ही उणीव वाढवितो. म्हणून खतापूर्वी मातीची परीक्षा करावयास हवी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला जस्ताचीही नोंद असते. ती वाचूनच खताची मात्रा ठरवावी. त्यात शेतकऱ्याचा पैसाही वाचतो आणि पीकही.