चौकातली पाणपोई

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी पायी निघायची हिंमत कशाने होते? पुढच्या चौकात पाणपोई आहे, एवढ्या माहितीने! गंमत म्हणजे कित्येकदा आपण तिथे थांबतही नाही. विजेच्या गाड्यांचं गणितही हुबेहूब असंच चालतं.

२६ मे २०१७. ओला आणि महिंद्राने नागपुरात विजेवरच्या कार, रिक्षा मिळून २०० वाहनांचा प्रयोग सुरू केला. चार जागी पन्नासहून अधिक चार्जिंग पॉइंट. म्हणजे चार गाड्यांमागे एक. भरपूर झाले की! तरीही २०१८ उजाडताच बातम्या आल्या: चार्जरपुढे रांगा, चालक वैतागले, काहींना गाड्या परत करायच्या होत्या.

असं का व्हावं? पहिलं कारण सोपं. पेट्रोल पाच मिनिटांत भरतं, तेव्हाची बॅटरी तासन् तास पीत बसायची. दुसरं कारण मात्र भन्नाट आहे.

समजा, तुमच्या टॅक्सीची बॅटरी शंभर किलोमीटरची. सकाळपासूनची भाडी झाली, मग विमानतळावरून उचललेला प्रवासी कामठीला सोडला, तेव्हा काट्यावर उरले चाळीस. चार्जर पार वर्धा रोडला. तेवढ्यात हिंगण्याचं भाडं आलं. घ्याल? छे! तुम्ही रिकामी गाडी घेऊन मुकाट चार्जरकडे वळाल. बॅटरी शंभराची, कमाईची धाव साठाची. मधले चाळीस कोणी खाल्ले? चार्जरच्या जागेने!

आता याची उलटी बाजू बघा. तोक्योच्या वीज कंपनीने कर्मचाऱ्यांना विजेच्या गाड्या दिल्या होत्या. चार्जर एकच, तळावर. सगळे अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच माघारी यायचे. मग कंपनीने दूर दुसरा चार्जर बसवला. गाड्या एकदम लांबलांब धावू लागल्या, बॅटरी बरीच संपवून परतू लागल्या. आणि तो नवा चार्जर? तो फारसा कोणी वापरलाच नाही! नुसता उभा राहून त्याने सगळ्या गाड्यांची धाव वाढवली.

शोरूममध्ये उभं असलेलं गिऱ्हाईकही मनातल्या मनात हाच हिशेब करतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइलच्या नागपुरातल्या एका पेट्रोल पंपावर चार्जिंगची सोय झाली, देशात पहिल्यांदाच. स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला आलेल्या माणसाला तो चार्जिंगचा खांब आयता दिसायचा. त्याच्याकडे विजेची गाडी नव्हती. पण पाणपोई कुठे आहे, हे आता त्याला ठाऊक झालं होतं.