दोन संगणक, एकच टपाल
पडद्यामागचं टपाल : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण पत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरपर्यंत कसं जातं ते पाहिलं. पत्र पोचलं, आता ते राहतं कुठे? घरात एकच संगणक असतो तोवर हा प्रश्न कुणाला पडत नाही. दुसरा आला की पडतोच.

माझ्याकडे घरी डेस्कटॉप आला आणि कामासाठी लॅपटॉप, तेव्हा घरी उतरवलेलं पत्र लॅपटॉपवर दिसेना. लॅपटॉपवरून पाठवलेलं उत्तर घरी सापडेना. पुढे डेस्कटॉपची हार्ड डिस्क बिघडली आणि एका पुस्तकाच्या संपादनाचा सगळा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला. दोष डिस्कचा नव्हता. पत्रांची एकुलती एक प्रत तिथे असू दिली, ही चूक माझी होती.

ते खातं पॉप पद्धतीचं होतं. पॉपची पहिली आवृत्ती १९८४ची. तिच्यामागचा विचार पोस्टातल्या टपालपेटीचा : या, पेटी रिकामी करा, पत्रं घरी न्या. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केली, तरी कोणतं पत्र वाचलं, कोणतं कुठल्या फोल्डरमध्ये टाकलं, हे पॉपला कळत नाही. त्याच्या लेखी फोल्डर नावाची वस्तूच नाही.

१९८६मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी वेगळी वाट धरली. पत्रं सर्व्हरवरच राहतील, तिथेच फोल्डर असतील, संगणक फक्त त्या कपाटात डोकावेल. हे आयमॅप. प्रत्येक पत्रावर सर्व्हर खुणा ठेवतो : वाचलं, उत्तर दिलं, महत्त्वाचं, खोडलं, मसुदा. घरी पत्र वाचलं की खूण सर्व्हरवर उमटते आणि लॅपटॉपला तीच दिसते.

इथवर सोपं आहे. खरी कसोटी लागते ती संगणक नेटपासून तुटल्यावर. गाडीत बसून लॅपटॉपवर दहा पत्रं खोडली, चार दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली. मधल्या वेळात घरी नवी पत्रं आली. आता जुळवायचं कसं?

दुधाचा हिशेब आठवा. घरच्या कॅलेंडरवर १२ तारखेला एक लिटर लिहिलंय, दूधवाल्याच्या वहीत १२ तारीख कोरी आहे. घरी ती नोंद मागाहून भरली, की त्याच्या वहीतली मागाहून खोडली गेली? दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कितीही बघा, उत्तर मिळत नाही. पण दर आठवड्याला दोघांनी बसून, ताडून, मान्य झालेल्या नोंदी तिसऱ्या कागदावर उतरवल्या असतील तर? त्या कागदावर १२ तारीख असेल, तर ती वहीतून नंतर खोडली गेली. नसेल, तर घरी नंतर भरली गेली.

पत्रांचंही हेच. एखादं पत्र लॅपटॉपवर आहे, सर्व्हरवर नाही. ते लॅपटॉपवर नवं आलं, की सर्व्हरवरून कुणी खोडलं? पहिलं असेल तर चढवायचं, दुसरं असेल तर पुसायचं. दोन कृती अगदी उलट, आणि चुकीची निवडली तर एक तर खोडलेलं पत्र पुन्हा उगवतं, नाही तर हवं असलेलं कायमचं जातं. म्हणून एमबीसिंक किंवा ऑफलाइनआयमॅप यांसारखी साधनं तो तिसरा कागद जपतात : मागच्या वेळी दोन्हीकडे काय जुळलं होतं, त्याची नोंद. ताळमेळाचा सगळा भार या आठवणीवर आहे. म्हणून ती फाइल फालतू समजून कधी पुसू नका.

आठवण ठेवायची तर पत्राला ओळख हवी. आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डर आपल्या पत्रांना चढते क्रमांक देतो आणि खोडलेल्या पत्राचा क्रमांक दुसऱ्याला देत नाही. फोल्डरलाही एक क्रमांक असतो. तो बदलला, तर संगणकाने जुनी सगळी ओळख सोडून पत्रं नव्याने मोजायची. एखाद्या दिवशी अख्खा फोल्डर पुन्हा उतरू लागला, तर त्यामागे बहुधा हे कारण असतं. पत्र दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलं की त्याला तिथला नवा क्रमांक मिळतो. म्हणजे ताळमेळाच्या नजरेला ते इथे खोडलं गेलेलं आणि तिथे नवं आलेलं दिसतं.

आता आज करण्यासारखं. दोन्ही संगणकांवर खात्याचा प्रकार उघडून पाहा, आयमॅपच हवा. ‘पाठवलेली’ आणि ‘मसुदे’ हे फोल्डर सर्व्हरवरचे निवडा, नाही तर उत्तरं त्या त्या संगणकातच अडकतात. थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’खाली ठेवलेली पत्रं फक्त त्याच संगणकावर असतात. सर्व्हरवर जागा किती उरली आहे ते पाहून ती थोडीथोडी वर हलवा, आणि एक तुकडी दुसऱ्या संगणकावर दिसल्याखेरीज पुढची हलवू नका. पत्रं आपोआप फोल्डरमध्ये लावणारे नियमही शक्यतो सर्व्हरवर ठेवा. संगणकावरचे नियम तो संगणक चालू असतानाच चालतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताळमेळ म्हणजे जपणूक नव्हे. लॅपटॉपवर चुकून खोडलेला फोल्डर घरच्या संगणकावरूनही तितक्याच इमानदारीने जाईल, कारण यंत्रणेने आपलं काम चोख केलेलं असेल. माझा पत्रव्यवहार गेला तो एकच प्रत होती म्हणून. दोन संगणकांवर जुळलेली पत्रंही त्या अर्थाने एकच प्रत आहेत.

दुसरी प्रत कुठे ठेवायची, किती दिवसांनी काढायची आणि ती खरंच उघडते का हे कसं तपासायचं, ते पुढच्या आठवड्यात.