फिजीचे ‘व्होकाई’ आणि भारतातून गेलेले मुंगूस

पाठशाळेत ‘जीवविचार’ शिकलेल्या मुलांना स्थलचर पंचेंद्रिय तिर्यंचांचे तीन भेद तोंडपाठ असतात : चतुष्पद, पोटाने सरपटणारे उरपरिसर्प आणि भुजांच्या आधाराने चालणारे भुजपरिसर्प. आचार्य शांतिसूरींनी या तिन्हींची उदाहरणे अनुक्रमे गाय, साप आणि मुंगूस अशी दिली आहेत. पाल, सरडा, घोरपड हेही भुजपरिसर्पच. आधुनिक प्राणिशास्त्र मुंगुसाला सस्तन व सरड्याला सरीसृप मानते. पण शास्त्रकारांनी एका पंक्तीत बसवलेल्या या दोन जीवांची गाठ प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर पडली. ती पाडली माणसाने, आणि तीही व्यापाराच्या सोयीसाठी.

फिजी हा तीनशेहून अधिक लहानमोठ्या बेटांचा देश. तेथील सर्वांत विलक्षण सरीसृप म्हणजे इग्वाना जातीचा हिरवा सरडा. स्थानिक लोक त्याला ‘व्होकाई’ म्हणतात. इग्वानांचे मूळ घर अमेरिका खंडात. मग तेथून हजारो मैल दूर असलेल्या फिजीत ते पोहोचले कसे? 2025 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज वादळात उन्मळून वाहून आलेल्या झाडाझुडपांवर बसून आठ हजार किलोमीटरांचा सागर ओलांडून आले असावेत. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील इग्वाना हे त्यांचे सर्वांत जवळचे नातलग ठरले आहेत.

आज फिजीत व्होकाईच्या चार जाती ओळखल्या जातात. त्यांतील तुरेवाला इग्वाना शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे परिचित झाला. जॉन गिबन्स या प्राणिशास्त्रज्ञाने 1981 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिरव्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, मानेपासून पाठीवर काटेरी तुरा आणि डिवचले असता हिरव्याचा काळा होणारा रंग, ही त्याची ओळख. कोरड्या अरण्यातील झाडांवर तो राहतो आणि प्रामुख्याने पाने, कोवळे कोंब, फळे व जास्वंदीच्या कुळातील फुले खाऊन जगतो. मादी एका वेळी मोजकीच अंडी घालते आणि ती उबण्यास सुमारे आठ ते नऊ महिने लागतात. इतक्या संथ गतीने वाढणारा वंश एकदा घटू लागला की सहज सावरत नाही.

पहिली हानी

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी माणूस प्रथम या बेटांवर आला, तेव्हा येथे आणखीही मोठे सरीसृप होते. व्हिती लेवू या सर्वांत मोठ्या बेटावर एक अवाढव्य इग्वाना आणि जमिनीवर वावरणारी एक मगर राहत असे. आज त्यांची केवळ हाडे गुहांमध्ये सापडतात.

दुसरे पर्व एकोणिसाव्या शतकातले. इंग्रजांनी फिजीत उसाचे मळे उभारले. 1879 साली ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये मजूर तेथे उतरले आणि 1916 पर्यंत त्यांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. पुढे गुजराती व्यापारी कुटुंबेही तेथे स्थिरावली. याच काळात उसातील उंदरांचा बंदोबस्त म्हणून 1883 साली भारतातून मुंगूस नेण्यात आले. हिशेब सरळ दिसत होता : मुंगूस उंदीर खाईल आणि ऊस वाचेल. परंतु उंदीर मुख्यतः रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. मुंगुसाला दिवसा जे सापडले ते त्याने खाल्ले : जमिनीवर घरटी करणारे पक्षी, बेडूक, पाली आणि सरडे. मुंगूस पसरलेल्या दोन्ही मोठ्या बेटांवरून जमिनीवर राहणाऱ्या सापसुरळ्यांच्या दोन मोठ्या जाती नाहीशा झाल्या. जेथे मुंगूस पोहोचले नाही, अशा लहान बेटांवर त्या अजून आढळतात.

यात मुंगुसाचा दोष काहीच नाही. ते आपल्या स्वभावाप्रमाणे वागले. दोष अविचाराचा. जैन आचार्यांनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, केंद्रस्थानी ठेवले, त्याचे मर्म येथे कळते. मुंगूस नेणाऱ्यांच्या मनात सरड्यांविषयी वैर नव्हते. त्यांचा विचारच त्यांनी केला नव्हता.

दुरुस्तीची किंमत

तुरेवाल्या इग्वानाचे सर्वांत मोठे आश्रयस्थान म्हणजे यांदुआतांबा हे अवघ्या 70 हेक्टरांचे निर्मनुष्य बेट. तेथे सोडलेल्या शेळ्या झाडांची रोपे वाढू देत नव्हत्या. बेटाची मालकी असलेल्या स्थानिक कुळाने संमती दिली, फिजीच्या नॅशनल ट्रस्टने व्यवस्था हाती घेतली, शेळ्या हटवण्यात आल्या आणि अरण्य पुन्हा दाटू लागले.

मोनुरिकी बेटावर मात्र शेळ्यांबरोबर उंदीरही होते. उरलेसुरले काही इग्वाना पकडून व्हिती लेवूवरील एका वन्यजीव उद्यानात त्यांची पैदास करण्यात आली आणि 2015 साली त्यांची पिले मोनुरिकीवर सोडण्यात आली. परंतु त्यापूर्वी बेट उंदीरमुक्त करण्यासाठी विषारी आमिष पसरावे लागले. येथे जीवदयेचा विचार करणारे मन अडखळते. एक वंश वाचवण्यासाठी शेकडो जीवांचा घात करणे योग्य का? संरक्षकांचे उत्तर असे की, तसे न केल्यास इग्वानांचा वंश कायमचा संपेल. श्रावकाला हे उत्तर पूर्णपणे पटणार नाही, आणि ते सहज पटूही नये. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. हा पेच आला तो प्राणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बेफिकिरीने हलवल्यामुळे. पहिल्या पावलाशी जयणा राखली असती, तर शेवटच्या पावलाला विष हाती घ्यावे लागले नसते.

आजची सावधगिरी

ही चूक इतिहासजमा झालेली नाही. 2000 सालच्या सुमारास फिजीच्या गामेया बेटावर अमेरिकन हिरवे इग्वाना बेकायदा आणून सोडण्यात आले. त्यांची मादी एका खेपेस डझनावारी अंडी घालते. आता ते शेजारच्या बेटांवरही पसरले असून, ते हुडकून नष्ट करण्याचे काम शासनाला करावे लागत आहे.

हेच हिरवे इग्वाना आज आपल्याकडील शहरांतही हौसेने पाळले जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. परंतु कायद्याच्या आधीही श्रावकाला मार्गदर्शन होतेच. वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’, म्हणजे लाभासाठी प्राणी पोसण्याचा व्यवसाय, गणला आहे. घरात असा प्राणी आधीच असेल आणि तो नकोसा झाला, तर दया म्हणून त्याला तळ्यात किंवा रानात सोडून देणे ही जीवदया नव्हे. त्या एका जीवाला मोकळे करताना तेथील अनेक जीवांवर संकट सोडले जाते. त्याला वनविभागाच्या किंवा जाणकार संस्थेच्या स्वाधीन करावे. मुळात असा प्राणी विकतच न घेणे हे त्याहून श्रेयस्कर.