मुळापासून शेंड्यापर्यंत

बंगळुरूतल्या चिकपेटहून मेट्रोच्या हिरव्या मार्गाने दक्षिणेकडे निघालं की तिसरं स्टेशन लालबागचं. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी वावर असलेल्या या पेठेत आता अंगणं उरलेली नाहीत. झाड हवं असेल तर ते गच्चीवरच्या कुंडीत. त्यामुळे जानेवारी आणि ऑगस्टमध्ये लालबागच्या पुष्पप्रदर्शनात बोन्साय मांडले जातात, तेव्हा लोक एकच प्रश्न विचारतात : ‘किती वर्षांचं?’ बोन्साय करणारा मात्र वय नंतर सांगतो. आधी झाड कसं बघायचं ते सांगतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे जपानी शब्दांची एक मालिकाच असते.

ती सुरू होते मातीपाशी. मातीवर दिसणारा मुळांचा पसारा म्हणजे ‘नेबारी’. मुळं चारी बाजूंना सारखी पसरलेली हवीत, एकमेकींवर चढलेली नकोत. तरच इवलंसं झाड जमीन धरून उभं असल्यासारखं वाटतं. मुळांपासून पहिल्या फांदीपर्यंतचा बुंधा म्हणजे ‘ताचिआगारी’. झाडाचा तोल, झुकाव इथेच ठरतो आणि इथली चूक पुढे वळण देणारी तार गुंडाळून सहसा सुधारत नाही. खोड वर जाताना क्रमाने निमुळतं होतं, ते ‘कोकेजुन’. हा उतार तारेने येत नाही. खोड छाटायचं, बाजूची फांदी नवा शेंडा म्हणून वाढवायची, ती जाड झाली की पुन्हा छाटायची. यात वर्षं जातात.

मग फांद्या. सर्वांत खालची ‘इची-नो-एदा’, बहुधा सर्वांत जाड आणि लांब. नेहमीच्या ठोकताळ्यानुसार उंचीच्या साधारण एक-तृतीयांशावर. मागे जाणारी ‘उशिरो-एदा’ समोरून जेमतेम दिसते, पण ती नसेल तर झाड चित्रासारखं सपाट वाटतं. नको असलेल्या फांद्यांनाही नावं आहेत : त्या ‘इमि-एदा’. खोडाच्या दोन बाजूंना समोरासमोर, दाराच्या अडसरासारख्या निघालेल्या त्या ‘कान्नुकी’. एकाच जागेतून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या त्या ‘कुरुमा’. दोन्ही ठिकाणी खोड फुगतं आणि निमुळतेपणा बिघडतो. म्हणजे ही नावं नुसती वर्णनं नाहीत, कात्री कुठे चालवायची याच्या सूचना आहेत.

ही परिभाषा जगभर पोहोचली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधी, 1923च्या कांतो भूकंपानंतर टोकियोतले बागवान ओमियाला जाऊन वसले, 1925मध्ये तिथे बोन्सायचं गाव उभं राहिलं. 1989मध्ये पहिलं जागतिक बोन्साय संमेलन ओमियातच भरलं. मराठी मुलुखातही हा छंद चांगलाच रुजला आहे. 2018च्या फेब्रुवारीत पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन झालं.

पण जपानी शब्दांमागची झाडं बरीचशी पाइन आणि जुनिपर आहेत. आपल्या कुंड्यांत असतात वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल. फरक पडतो तो ‘जिन’ आणि ‘शारी’पाशी. साल काढून सुकवलेली फांदी म्हणजे जिन, खोडावरचा तसाच उघडा, पांढरा पट्टा म्हणजे शारी. जुनिपरचं लाकूड चिवट, त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. वडाचं लाकूड मऊ. दोन पावसाळ्यांत ते भुसभुशीत व्हायला लागतं. शिवाय वड जखम भरून काढायला उतावळा. त्याच्यावर शारी कोरणं म्हणजे झाडाच्या स्वभावाशी भांडण.

तारेचंही तसंच. पेठेतल्या बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्यावर विजेच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत आणि केबल सोलून तांब्याची तार काढता येते. पण तांबं कडक. वडाच्या फांद्यांना मऊ अ‍ॅल्युमिनियमची तार बरी, आणि तीही वेळेवर काढावी लागते. फांदी जाड होत जाते, तार सालीत रुतते आणि पिळाची खूण मागे राहते.

वडाची खरी दौलत आहे नेबारी. त्याची मुळं एकमेकींना भेटली की सांधली जातात. त्यामुळे एखादी बाजू रिकामी असेल तर तिथे वडाचं कोवळं रोप कलम करून मूळ बसवता येतं. पारंब्याही आहेतच. म्हैसूर रस्त्यापासून आत, केतोहळ्ळीच्या ‘दोड्ड आलद मरा’चा मूळ बुंधा रोगाने गेला, तरी तो वड पारंब्यांवर सुमारे तीन एकरांत उभा आहे. कुंडीतल्या वडाला नमुना हवा असेल तर तो इतक्या जवळ आहे. लालबागेतली जुनी पांढरी सावरही बघावी. तिची आधारमुळं भिंतींसारखी उभी असतात. नेबारीवर एवढा भर का, ते तिच्या पायाशी पटतं.

जपानी शब्द जरूर शिकावेत. बघण्याची आणि छाटण्याची शिस्त त्यांनी लागते. पण जिन-शारीचा सोस जुनिपरवाल्यांना राहू द्यावा आणि आपण मुळांवर मेहनत घ्यावी. पुढच्या प्रदर्शनात वय विचारण्याआधी जरा वाका, डोळे खोडाच्या उंचीवर आणा आणि झाड खालून वर वाचा. कुंडी बदलायची वेळ आली की घरच्या वडाचीही मुळं आधी नीट मोकळी करा. फांद्यांचं नंतर बघता येईल.