तालमीतून योगाकडे

रंकाळ्याकाठच्या पहाटेच्या वर्गात तालमीतल्या एका तरुण मल्लाने परवा विचारले, "सर, कुस्ती सुटल्यावरच योग करायचा असतोय न्हवं?"

त्याला मी ज्यांची हकीकत सांगितली ते स्वामी कुवलयानंद, म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, आधी बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामविद्या शिकले आणि मग नर्मदाकाठी माळसर येथे परमहंस माधवदासजींच्या चरणी बसून योगाचे अधिकारी झाले.

गुरुवचनावर श्रद्धा असूनही त्याचा दाखला शरीरातच शोधावा, ही त्यांची वृत्ती मला सर्वाधिक वंदनीय वाटते. पोटाचे स्नायू वेगळे काढून फिरविण्याच्या नौली या क्रियेच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून उतरतो आणि म्हणूनच बस्तीत, म्हणजे गुदमार्गे आतडे धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी प्रत्यक्ष मापनाने दाखविले व त्या निर्वाताला गुरूंचेच नाव दिले.

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले, 'योगमीमांसा' त्रैमासिकही त्याच वर्षीचे.

शिक्षणकाळात नौली साधेना तेव्हा मला याच वृत्तांताने धीर दिला. ती रिकाम्या पोटी व जाणत्याच्या देखरेखीखालीच करावी.