‘सूचिपर्णी’ या नावाचं लक्षण

तळेगावात बंगल्यांच्या कुंपणाशी सुरू दिसतो. सुया पाहून आपण त्याला सूचिपर्णी म्हणून मोकळे होतो. पण एक सुई ओढून बघा, सांधे सुटतात. ती हिरवी डहाळी आहे. खरी पानं म्हणजे सांध्यावरचे इवले दात. सुरू फुलझाडच. लक्षण नको तिथं लागू पडलं, की आम्ही न्यायशास्त्रवाले त्याला अतिव्याप्ती म्हणतो. उलट केरळ-तमिळनाडूच्या घाटांतला नागेया वालिचियाना खरा सूचिपर्णी, पण पानं रुंद! ही अव्याप्ती. म्हणून आपण पान सोडून बीजांड पाहू. सुरूचं अंडाशयात बंद, नागेयाचं उघडं. मात्र सायकसचंही उघडंच असतं. म्हणजे लक्षण अजून आवळायला हवं. ते पुढच्या व्याख्यानात.